दुपारची बाहेरची लाइन

४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी दार लावून घेऊन बोलावलं तेव्हा वाटलं, झालं, टेलिफोनचा बोर्ड काढणार आणि मलाही. पण तसं नव्हतं. हेड ऑफिसातून ओरडा आला आहे. फोनचं बिल फुगलंय आणि फुगवणारे आपलेच लोक आहेत. साहेब म्हणाले, "मॅडम, बोर्डावर माशी बसली तरी तुम्हाला कळतं. हे सगळं तुम्हीच बंद करायचं."

म्हणजे उद्यापासून कुठल्याही टेबलावरून शून्य फिरवलं तरी बाहेरची लाइन मिळणार नाही. मिळेल फक्त साहेबांच्या केबिनमध्ये आणि पाहुण्यांसाठी मीटिंग रूममध्ये, आणि त्या दोन्ही फोनांच्या तबकडीला छोटं पितळी कुलूप. बाकीच्यांनी माझ्याकडे मागायची, कामाचं कारण सांगून.

हिशेबनीस लगेच बोर्डापाशी आले. "बाई, घरी उशीर होणार हे बायकोला कसं कळवू? कबुतर पाळू का?"

"पाळा की. दाणे मात्र घरून आणा."

हसले, पण नेहमीसारखे नाही. इतकी वर्षं मी त्यांची लाइन जोडून देणारी होते. उद्यापासून मी अडवणारी.

घरी येताना ठरवलं, सुरुवात स्वतःपासून करायची. दुपारच्या सुट्टीत मी रोज ह्यांना फोन करते. डबा उघडलात का, गोळी घेतलीत का. ह्यांचं विसरणं गेल्या दोन वर्षांत फार वाढलं आहे आणि दुपारी घरात दुसरं कोणी नसतं. पण तो फोन खाजगीच. दुसऱ्यांच्या तबकडीला कुलूप लावून आपण मात्र गुपचूप बोलायचं, हे मला जमणार नाही. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आमच्या रांगेत सगळ्यात पुढे त्याच मुलीला उभं करायच्या, जिच्याकडे रांग सांभाळायचं काम असे.

ह्यांना सांगितलं, "अहो, उद्यापासून दुपारी माझा फोन नाही यायचा."

"बरं," म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "उद्या दुपारी किती वाजता करशील?"

७ फेब्रुवारी, गुरुवार

काल डबा तसाच होता. आजही. गोळी मात्र दोन्ही दिवस घेतलेली. साखरेची गोळी डब्याच्या झाकणावर ठेवलेली असते, ती दिसते, म्हणून घेतात. मग डबा उघडायचा हे विसरून जातात.

ऑफिसला जाण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन आले. ते रागावलेच. "गोळी पोटात आणि जेवण नाही, तर साखर धाडकन उतरेल. त्यापेक्षा दोन्ही नको ते परवडलं."

संध्याकाळी पुठ्ठा कापला आणि जाड निबने लिहिलं: आधी जेवण, मग गोळी. सिस्टरांनी शिकवलेलं वळण, अक्षरं खांबासारखी सरळ. पुठ्ठा डब्याला टेकून उभा केला आणि गोळी त्याच्या मागे ठेवली. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे हो. कोणाचं?"

आयुष्यभर नकाशे काढले ह्यांनी. कागदावर अक्षर कुठे बसवायचं, नदीच्या पोटात की काठावर, यावरून वरिष्ठांशी भांडायचे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पुठ्ठ्याने काम केलं. शुक्रवारी डबा रिकामा, काल रिकामा, आज तर रिकामा करून विसळून पालथा घातलेला. मी ओट्यापाशी उभी राहून त्या पालथ्या डब्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी या घरात काहीतरी माझ्या मनासारखं झालं.

हे बोलतातही बरे. म्हणाले, "पोरीचा फोन आला होता."

"कधी?"

"दुपारी. जेवलात का म्हणून विचारत होती."

आमची लेक समुद्रापलीकडे असते. फोन करते तो रविवारी, आणि घाईत. दुपारी इथे घड्याळात जेवणाची वेळ होते तेव्हा तिच्याकडे अजून उजाडलेलंही नसतं. मी "हो का," म्हटलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, मनाने काही रचून सांगतील तर खोडून काढू नका.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणीतरी कुलूप चुकवतं आहे. दुपारच्या सुट्टीत बोर्डावर मीटिंग रूमचा दिवा लागला आणि त्याच्यासमोर बाहेरच्या लाइनचा. त्या खोलीत आज पाहुणे नव्हते. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती.

लाइनमनला बोलावलं. त्याने कुलूप ओढून पाहिलं, हसला. मग रिसीव्हर उचलला आणि तो ठेवायच्या जागी जो खटका असतो तो बोटाने टकटक दाबू लागला. तीनसाठी तीनदा, सातसाठी सातदा, मध्ये जरा थांबायचं. लागला की नंबर! तबकडीला हातसुद्धा न लावता.

"बाई, कुलूप तबकडीला आहे. खटक्याला कोण लावणार? पण हे कोणालाही जमत नाही. बोट एकसारखं पडावं लागतं, नाहीतर भलतीकडेच लागतो."

साहेबांना सांगितलं. म्हटलं, मीटिंग रूमचीही बाहेरची लाइन काढून टाकू या. ते म्हणाले, पाहुण्यांचं काय? आणि आधी त्यांना नाव हवंय.

१७ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. विचारलं, "मधे बाबांना फोन केला होतास का गं?"

"नाही गं आई. का? काय झालं?"

"काही नाही. त्यांना भास होतात तुझे."

मग म्हणाली, "मी करायला हवा ना?" मी म्हटलं, तुझी कामं असतात. ह्यांच्या हातात रिसीव्हर दिला तर हे तिच्याशी अगदी परक्यासारखे बोलले. हवा कशी आहे, वगैरे. ठेवल्यावर मला म्हणाले, "ही कोण होती? आपली पोर वेगळी. ती हसते."

मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं. सख्ख्या मुलीचा आवाजही गेला आता. उद्या माझा जाईल.

२० फेब्रुवारी, बुधवार

माझी खोली आणि मीटिंग रूम यांच्यामध्ये लाकडी पडदी आहे. आज सुट्टीत मुद्दाम जागेवर बसून राहिले. टकटक ऐकू आली, टाइपरायटरसारखी एका लयीत. मग दिवा लागला.

बोर्डावरची ऐकायची छोटी दांडी, किल्ली म्हणतात तिला, पुढे ढकलली असती तर दोन्हीकडचं बोलणं कानात आलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी ढकलली नाही. या बोर्डावर बसल्यापासून एकदाही कोणाचं बोलणं चोरून ऐकलेलं नाही. शाळेत एकदा मी वर्गमैत्रिणीला आलेलं पत्र तिच्या खांद्यावरून वाचत होते. सिस्टर ओरडल्या नाहीत. मला चॅपेलच्या मागच्या बाकावर नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, दुसऱ्याचं बोलणं हे दुसऱ्याचं घर आहे, दार उघडं दिसलं तरी आत जायचं नाही. निळा पिनाफोर, पॉलिश केलेले बूट, मेणाचा वास, आणि ते वाक्य. एवढंच मला त्या शाळेने दिलं असं कधी कधी वाटतं, आणि तेवढं पुरलं.

उद्या टकटक मोजून नंबर कळेल, असंही मनात आलं. तेही ऐकणंच. पंखा मोठा करून ठेवला.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर खूश आहेत. साखर ठीक, वजनही थोडं वाढलं. "काय जादू केलीत?" म्हणाले. मी पुठ्ठ्याचं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या पेशंटांना सांगतो म्हटलं. मी शाळकरी मुलीसारखी फुलून आले.

ऑफिसात टायपिस्ट मुलीच्या टेबलाजवळून गेले. आम्ही सगळे तिला चिमणी म्हणतो, सारखी चिवचिव असते म्हणून. हंगामी नेमणूक आहे, दर काही महिन्यांनी वाढवून घ्यावी लागते. मला काकू म्हणते. जुन्या कार्बन पेपरच्या मागे पेन्सिलीने काहीतरी काढत होती. वेड्यावाकड्या रेघा, एकीच्या आत एक.

"हे काय गं?"

"डोंगर आहे काकू. रेघा जवळ जवळ आल्या की चढ अवघड, लांब लांब असल्या की सोपा."

"तुला कोणी शिकवलं?"

तिने कागद उलटा केला. "आहे एक जण."

हेही असेच काढायचे. लग्न झाल्यावर मला शिकवायला बसले होते, माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे. पोरीला कोणीतरी भेटलेला दिसतो. बरं वाटलं. मग एकदम थांबले. टाइप करणारं बोट एकसारखं पडतं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवा विझल्याबरोबर उठून दारात जाऊन उभी राहिले. चिमणी मीटिंग रूममधून हसत हसत बाहेर आली आणि मला पाहून जागच्या जागी थांबली.

बोर्डाच्या खोलीत घेऊन आले. दार लावलं.

"कोणाशी बोलतेस?"

"ते विचारू नका ना काकू. वाईट काही नाही."

"वाईट नाही तर सांग."

"सांगितलं तर तुम्हालाच त्रास होईल."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "वयाने मोठा आहे का?"

"हो. पुष्कळ."

"लग्न झालेला?"

आता ती हसली, आणि डोळ्यांत पाणीही आलं. "हो काकू. लग्न झालेलं आहे."

"अगं, तुझ्या आईला कळलं तर?"

"आईला माहीत आहे. ती म्हणते, कर."

काय घरं असतात एकेक. मी म्हटलं, रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक फोनच्या डब्यातून कर तुझे फोन. ती म्हणाली, तो कधीचा बंद पडलाय, आणि सुट्टी केवढीशी, पुढच्या चौकात जाऊन येईपर्यंत जेवायची वेळ टळते. कोणाची जेवायची वेळ, ते मी विचारलं नाही. जाताना म्हणाली, "काकू, साहेबांकडून एवढा एकच फोन मागून घ्याल का? रोजचा? कारण न विचारता?"

कारण न विचारता! मी स्वतः माझ्या नवऱ्यासाठी मागितला नाही, आणि हिच्या त्या माणसासाठी मागू?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर साहेबांकडे गेले नाही. जेवणही गेलं नाही. नाव सांगितलं तर पोरीची नेमणूक जाणार. न सांगितलं तर मी कसली रांग सांभाळतेय? आणि खरं लिहायचं तर मनात हेही होतं की हे प्रकरण तुटलं तर तिचंच भलं होईल. माझी लेक तिच्या जागी असती तर मी हेच केलं असतं.

आज सकाळी नाव सांगितलं. साहेबांनी मान हलवली, म्हणाले, या खेपेची मुदत आजच संपते, वाढवायची नाही, एवढंच. लाइनमनने मीटिंग रूमची बाहेरची लाइन काढून टाकली. पाहुण्यांना लागली तर तीही आता माझ्याकडून.

चिमणी संध्याकाळी बोर्डापाशी आली. रागावली नव्हती. मला वाटलं होतं, भांडेल. "काकू," म्हणाली, "उद्या रजा घ्या ना. आणि जमलं तर सोमवारीसुद्धा."

"मी कशाला रजा घेऊ?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. ती पर्स उचलून निघून गेली. तिच्या टेबलावरचा कार्बन पेपर झाडूवालीने गोळा करून टाकला.

१ मार्च, शुक्रवार

आज दुपारी बोर्ड शांत. एकही दिवा नाही. साहेब स्वतः येऊन शाबासकी देऊन गेले.

घरी आले तर डबा तसाच. गोळीही तशीच, पुठ्ठ्यामागे. हे फोनशेजारच्या खुर्चीत बसलेले. "लाइन मेली आहे," म्हणाले. मी रिसीव्हर उचलून त्यांच्या कानाला लावला. "चालू आहे की, बघा." ऐकलं, पण पटलं नाही. संध्याकाळभर तिथून उठले नाहीत. जेवण तिथेच भरवलं. मधे दारावरची घंटा वाजली तर फोन उचलून हॅलो म्हणाले. दारात शेजारचा पेपर मागायला आलेला. त्याच्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतकं छान चाललं होतं. पुठ्ठाही हरला वाटतं. की आजाराचं हे पुढचं पाऊल आहे? नवा पुठ्ठा करावा, लाल शाईने.

३ मार्च, रविवार

दोन दिवस मी घरी असल्यामुळे जेवण-गोळी वेळेवर. पण दुपारी फोनकडे बघत राहतात. लेकीचा फोन आला तेव्हा धावत उचलला, आवाज ऐकला आणि माझ्या हातात दिला. असं हिरमुसलेलं तोंड मी फक्त लहान मुलांचं पाहिलं आहे.

उद्या रजा घ्यावी का? पण उद्या हेड ऑफिसची माणसं येणार आहेत, नवी व्यवस्था बघायला. बोर्डावर मी नसेन तर साहेबांची पंचाईत होईल. लाल पुठ्ठा तयार आहे.

५ मार्च, मंगळवार

हॉस्पिटल. बाकावर बसून लिहिते आहे.

काल संध्याकाळी दार उघडलं तेव्हा हे फोनशेजारी जमिनीवर होते. रिसीव्हर लोंबत होता. घामाने सदरा भिजून थंड पडलेला. डबा बंद. गोळी घेतलेली. लाल पुठ्ठा पालथा पडला होता.

डॉक्टर म्हणतात, साखर फार वेळ उतरलेली राहिली. मेंदूला ते सोसत नाही. जीव वाचला. त्यापुढचं विचारलं तर ते दुसरीकडे बघतात.

दुपारभर बोर्डावर मी पाहुण्यांना दाखवत होते की आता या ऑफिसातून एकही चोरटा फोन बाहेर जाऊ शकत नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

६ मार्च, बुधवार

चिमणी आली. हिशेबनीसांकडून कळलं म्हणाली. केस विस्कटलेले, धापा टाकत. माझ्याकडे न बघता सरळ काचेपाशी गेली आणि आत बघत राहिली.

"हे काका?" म्हणाली. "मला वाटलं होतं उंच असतील."

"तुला काय माहीत हे?"

"रोज बोलत होते ना मी त्यांच्याशी."

ती बाकावर येऊन बसली आणि हळूहळू सगळं सांगत गेली. आधी रोज दुपारी मी मोठ्याने बोलायचे, अहो डबा उघडलात का, गोळी घेतलीत का. पडदीपलीकडे सगळ्यांना पाठ झालं होतं. मग एक दिवस ते थांबलं. दोन-तीन दिवस मी माझा डबाही उघडला नाही, नुसती बोर्डाकडे बघत बसायचे, हे तिने पाहिलं. माझ्या घरचा नंबर तर बोर्डाच्या कडेला चिकटवलेला आहे. "पहिल्या दिवशी फक्त जेवलात का विचारून ठेवणार होते. पण ते सोडेनात. मग मी धरून ठेवायचे आणि ते जेवायचे. चमचा वाजला की मला कळायचं. जेवण झालं की म्हणायचे, आता गोळी. मग डोंगर, नद्या. डबा विसळायला मीच सांगितलं. म्हटलं काकूंना बरं वाटेल. नोकरी गेल्यावर वाटलं, मी सांगितलंय तर तुम्ही रजा घेऊन घरीच असाल, म्हणून बाहेरून केला नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बंद केलं असतं, काकू."

ती खरं बोलत होती. ती सांगती तर मी म्हटलं असतं, माझ्या घरासाठी नियम मोडायचा नाही.

९ मार्च, शनिवार

साहेब फळं घेऊन आले. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. "मॅडम, आधी बोलला असतात तर तुमच्यापुरती सूट दिली असती की. त्यात काय एवढं!"

हो. त्यात काहीच नव्हतं.

सगळ्यांत सोपं काय होतं, ते रोज मोजते. साहेबांना विचारणं. त्या पोरीवर विश्वास ठेवणं. किंवा बोर्डावरची किल्ली एकदाच, बोटभर, पुढे ढकलणं. ह्यांचा आवाज मी अर्ध्या श्वासात ओळखला असता. तो दिवा समोर जळत असताना हे त्या दिव्याच्या पलीकडे जेवत होते, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते, चांगल्या मुलीसारखी.

सिस्टरांवर चिडून बघितलं. जमलं नाही. त्यांनी चोरून ऐकू नकोस म्हटलं होतं. दार ठोठावून विचारू नकोस, असं कुठे म्हटलं होतं.

१७ मार्च, रविवार

ह्यांना घरी आणलं. चालतात, धरून. भरवलं तर गिळतात, कधी तोंड मिटून घेतात. माझ्याकडे बघतात तेव्हा नजर माझ्यावर थांबत नाही, मागच्या भिंतीपर्यंत जाते. मी नोकरीचा राजीनामा पाठवला. साहेबांनी कळवलं, बोर्डाच्या जागी आता मशीनच बसवणार आहेत, काळजी करू नका. नाही करत.

चिमणीसाठी त्यांना पत्र लिहिलं, पुन्हा घ्या म्हणून. उत्तर नाही. तिला दुसरीकडे काम मिळालेलं नाही अजून. मी माफी मागितली तर म्हणाली, "राहू द्या हो काकू." हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, ते ओळखण्याची अक्कल मला आहे असं आता वाटत नाही.

३० मार्च, शनिवार

चिमणी येते अधूनमधून. ह्यांच्यासमोर बसून बोलते, पण हे तिच्याकडे बघतही नाहीत. चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आज तिलाच सुचलं. म्हणाली, "मी खाली जाऊन शेजारच्यांकडून फोन करते. तुम्ही रिसीव्हर त्यांच्या कानाला लावा."

दुपारचीच वेळ होती. ताट वाढून समोर ठेवलं. घंटा वाजली. ह्यांचा हात उचलला गेला नाही, पण डोळे वळले. मी रिसीव्हर उचलून त्यांच्या कानाला धरला आणि दुसऱ्या हाताने घास कालवून घेतला. आतून तिचा बारीक आवाज येत होता. मी या वेळी वाकून कान जवळ नेला. "काका, जेवलात का?" ती विचारत होती. "काका? काकूंनी आज काय दिलंय?"

मग हॉस्पिटलमधून आल्यापासून पहिल्यांदाच हे सरळ, पूर्वीच्या आवाजात बोलले.

"ती घरी नाहीये. ऑफिसात असते. तिथून फोन करायला परवानगी नाही तिला."

"आणि तुम्ही? तुम्ही जेवलात का?"

"ती आली की जेवतो," हे म्हणाले.

माझ्या एका हातात रिसीव्हर होता, दुसऱ्या हातात घास. मी म्हटलं, "अहो, मी आले आहे." ह्यांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. फोनवर बोलत होते ना ते.